भगव्या वस्त्रातले मास्तर

१५ ऑगस्ट १९४७ हा दिवस रमजानच्या अखेरच्या रोज्यांमध्ये आला होता. देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नव्हते. त्या दिवशी हैदराबादेत तिरंगा फडकवणाऱ्या एका संन्याशाला निजामाच्या पोलिसांनी अटक केली. नांदेड-लातूरच्या मुलांच्या पदवी प्रमाणपत्रावर आज ज्यांचे नाव असते, तेच हे स्वामी रामानंद तीर्थ.

मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकल्यावर ना. म. जोशी यांच्यासोबत त्यांनी कामगारांत काम केले. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते मास्तर झाले. संस्थानात वरचे शिक्षण उर्दूतून होते आणि खासगी शाळा काढायला सरकारची परवानगी लागे. मराठी घरातल्या मुलाला अशी शाळा म्हणजे मोठा आधार. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला, पण मठ काही बांधला नाही. भगव्या वस्त्रानिशी ते पुन्हा वर्गातच उभे राहिले. १९३५ मध्ये अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले.

१९३८ मध्ये त्यांनी खडू ठेवला. हैदराबाद स्टेट काँग्रेस ही जातीय संघटना आहे, असे म्हणत सरकारने ती जन्मण्याआधीच बंद केली. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचाही सत्याग्रह चालू होता. अंगावर भगवे असलेल्या माणसाला त्या वाटेने जाणे सोपे होते. स्वामीजी गेले ते सर्व धर्मांच्या प्रजेसाठी जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्या स्टेट काँग्रेसकडून, आणि तुरुंगात बसले. दोन्ही आंदोलनांची गल्लत होऊ नये म्हणून स्टेट काँग्रेसने डिसेंबरमध्ये आपला सत्याग्रह थांबवला.

१९४६ मध्ये बंदी उठली आणि स्वामीजी अध्यक्ष झाले. याच सुमारास लातूरचे एक वकील, कासिम रझवी, मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचे अध्यक्ष झाले. एकाच मुलखातली ही दोन माणसे. रझवींच्या रझाकारांनी गावोगाव दहशत बसवली. विलीनीकरणाची बाजू घेणारे उर्दू संपादक शोएबुल्ला खान यांचाही ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. सप्टेंबरमध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि त्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत हजारो निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने ते सारे नोंदवले. धर्माच्या नावाने चाललेल्या राजकारणाची किंमत दोन्हीकडच्या गरिबांनी मोजली. रझवी १९५७ पर्यंत तुरुंगात होते, मग पाकिस्तानात गेले.

अशा जखमी मुलखात स्वामीजींनी पुन्हा शाळा-कॉलेजांचे काम हाती घेतले. १९५० मध्ये नांदेड एज्युकेशन सोसायटी आणि पीपल्स कॉलेज उभे राहिले. ते गुलबर्ग्याहून आणि नंतर औरंगाबादहून लोकसभेवर निवडून गेले, पण सत्तेच्या राजकारणात रमले नाहीत.

२२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला त्यांच्या नावाचे विद्यापीठ सुरू झाले. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची मुले-मुली तिथे परीक्षा देतात. रोजा ठेवून पेपर लिहिणारी मुलगी आणि तिच्या शेजारच्या बाकावरचा वारकऱ्याचा मुलगा, दोघांच्याही उत्तरपत्रिकेवर त्याच संन्याशाचे नाव असते.