लेकीच्या आठवणीत सगळ्यांसाठी हौद बांधणारे डॉ. घोले

पुण्यात जंगली महाराज रोडवरून फर्ग्युसन कॉलेज रोडकडे जाताना घोले रोड लागतो. रोज तिथून जाणाऱ्या अनेकांना हे घोले कोण, हे ठाऊक नसतं. ते होते रावबहादूर डॉ. विश्राम रामजी घोले.

1833 साली गवळी समाजात जन्मलेले घोले पुढे नामांकित सर्जन झाले. व्हाइसरॉयचे मानद सर्जन म्हणूनही त्यांची नेमणूक झाली. महात्मा फुल्यांचे ते जवळचे सहकारी आणि सत्यशोधक समाजाचे अध्यक्ष. 1888 मध्ये फुल्यांना पक्षाघात झाला, तेव्हा उपचार त्यांनीच केले.

मुलींनी शिकावं, हा विचार त्यांनी घरापासून अमलात आणला. थोरल्या काशीबाईला शिकवायला घेतलं आणि विरोध सुरू झाला. लाडवातून काचा घालून या चिमुरडीला मारलं गेलं, असं सांगितलं जातं. डॉक्टर खचले, पण थांबले नाहीत. धाकट्या गंगूबाईलाही त्यांनी शिकवलं.

1880 च्या सुमारास त्यांनी काशीबाईच्या आठवणीत पेठेत एक हौद बांधला. त्यावर बाहुली बसवली, म्हणून तो बाहुलीचा हौद. तो सगळ्या जातींसाठी खुला होता. अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठ्याला हात लावू न देण्याचा तो काळ. फुल्यांनी 1868 मध्ये घरचा हौद खुला केला होता. घोल्यांनी तीच वाट धरली.

तेव्हा शहरातल्या हौदांना पेशवेकाळापासून कात्रजच्या तलावाचं पाणी येई. पटकी दूषित पाण्यातून पसरते, हे इंग्लंडमध्ये जॉन स्नो यांनी 1854 मध्ये दाखवलं होतं. तरी अनेक डॉक्टर दोष हवेलाच देत. रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू ओळखला 1883 मध्ये, म्हणजे हौद बांधून झाल्यावर.

डॉ. घोले 1900 साली गेले. पाणी सगळ्यांना खुलं झालं, पण ते स्वच्छ ठेवण्याचं काम संपलेलं नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोड भागात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण वाढले. काहींच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला.

आता मुलं हौदावर नाही, तर बागेतल्या आणि मॉलमधल्या कारंज्यांत खेळतात. कारंज्यात बहुधा तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं. एखाद्या मुलाला जुलाब होत असतील, तर त्याच्या अंगावरचे जंतू त्या पाण्यात उतरतात आणि दुसऱ्याच्या तोंडात जातात. क्लोरीनने बरेच जंतू मरतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीन असूनही अनेक दिवस टिकतो.

म्हणून जुलाब होत असलेल्या मुलाला कारंज्यात सोडू नये. बाकीच्यांना पाणी तोंडात घेऊ देऊ नये आणि खेळून झाल्यावर साबणाने हात धुवायला लावावेत. पोरांच्या खेळात मोडता न घालता एवढं सहज करता येतं.