अंतिम रेषेनंतरची शर्यत : मॅरेथॉनवीर फडेप्पा चौगुले

ऑलिंपिकमधील मॅरेथॉन पूर्ण करणारे पहिले भारतीय म्हणून बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुले यांचे नाव क्रीडा इतिहासात कोरले गेले आहे. २२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जियममधील अँटवर्प येथे त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत ही शर्यत पूर्ण केली आणि १९ वा क्रमांक मिळवला. आज शहरोशहरी मॅरेथॉन भरतात आणि शर्यतीनंतर काय खावे, किती प्यावे याचे सल्ले स्पर्धकांना सहज मिळतात. चौगुले धावले तेव्हा मात्र हे ज्ञान जगात कोणाजवळच नव्हते. त्यांच्या पराक्रमाचे मोल जाणायचे, तर हा काळ समजून घेणे अगत्याचे आहे.

या प्रवासाचा आरंभ पुण्यात झाला. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद उद्योगपती सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. १९१९ च्या क्रीडा मेळाव्यात अनवाणी धावणारी शेतकरी मुले त्यांनी पाहिली. या मुलांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या तोडीच्या आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचे साह्य लाभले आणि भारताला ऑलिंपिकचे दार उघडले. चार धावपटू आणि दोन मल्ल अशा सहा जणांच्या पथकात चौगुले यांची निवड झाली. मॅरेथॉनसाठी त्यांच्यासोबत सदाशिव दातार होते. व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत यांच्यावर जबाबदारी सोपवण्यात आली. मुंबईहून बोटीने निघालेले हे पथक इंग्लंडमार्गे अँटवर्पला पोहोचले.

अँटवर्पची शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती. ४२.१९५ किलोमीटर हे आजचे प्रमाणित अंतर १९२१ मध्ये ठरले. म्हणजे चौगुले आजच्या मॅरेथॉनपटूंपेक्षा अर्धा किलोमीटर अधिकच धावले. फिनलंडचे हॅनेस कोलेमाइनेन यांनी २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. त्यांच्यानंतर सुमारे १८ मिनिटांनी चौगुले यांनी अंतिम रेषा ओलांडली. दातार यांना शर्यत अर्धवट सोडावी लागली. चौगुले यांच्या १९ व्या क्रमांकाच्या पुढे भारतीय धावपटू पोहोचला तो तब्बल ५६ वर्षांनी. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये शिवनाथ सिंग यांनी ११ वा क्रमांक मिळवला.

त्या काळी लांब पल्ल्याच्या धावण्यात खाणेपिणे म्हणजे दुर्बलतेचे लक्षण मानले जाई. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये तर धुळीच्या रस्त्यावर आणि कडक उन्हात पाण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. त्या शर्यतीचे विजेते थॉमस हिक्स यांना त्यांच्या सहायकांनी वाटेत स्ट्रिक्निन हे विष, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी दिली. हिक्स जिंकले, पण त्यांचा जीव जाता जाता वाचला.

धावपटू कोसळतो का, याचा पहिला ठोस धागा अँटवर्पनंतर चार वर्षांनी हाती लागला. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी धावपटूंचे रक्त तपासले. अगदी गळून गेलेल्या धावपटूंच्या रक्तातील साखर फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना आधी पिष्टमय आहार आणि वाटेत गोड गोळ्या दिल्या. तेव्हा साखर टिकली आणि धावपटूंची अवस्थाही सुधारली. स्नायूंत साठणारे ग्लायकोजेन हे धावण्याचे मुख्य इंधन असून दीर्घ श्रमात ते संपत जाते, हे स्वीडनच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासून सिद्ध केले.

हा रिता झालेला साठा भरण्याचे काम अंतिम रेषेनंतर सुरू होते. त्वरेने सावरायचे असल्यास पहिले तीन-चार तास वजनाच्या दर किलोमागे ताशी सुमारे १ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असे आज सांगितले जाते. ६० किलो वजनाच्या धावपटूसाठी दोन केळी आणि गुळाचा एक खडा एवढ्यात तासाची गरज भागते. पुढच्या जेवणात वरण-भात, उसळ, दही किंवा अंडी असली, की स्नायूंच्या डागडुजीसाठी प्रथिने मिळतात. वजन एक किलोने घटले असेल, तर काही तासांत सव्वा ते दीड लिटर द्रव सावकाश घ्यावा आणि त्यात मीठ असावे. मीठ घातलेले ताक किंवा लिंबाचे सरबत यासाठी उत्तम. नुसते पाणी भरमसाट पिणेही घातक ठरते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीखाली गेले होते. ताणलेल्या स्नायूंना मात्र झोप आणि काही दिवसांची विश्रांती यांवाचून दुसरा उपाय नाही.

ऊस आणि तेरणा साखर कारखाना ही ओळख असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील ढोकीसारख्या गावाला यातील एकही पदार्थ परका नाही. गूळ, शेंगदाणे, ताक, भाकरी आणि डाळ हे सारे घरचेच आहे. मराठवाड्यातील असंख्य तरुण पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करतात. एवढ्या अंतराने स्नायूंतील साठा मॅरेथॉनसारखा रिता होत नाही. पण उपाशीपोटी रोज घाम गाळून वर पुरेसे न जेवणारा मुलगा दिवसेंदिवस थकत जातो आणि त्याची वेळ सुधारण्याऐवजी बिघडते. त्याला परदेशी डब्यातली भुकटी नको. सरावानंतर वेळेवर पोटभर जेवण हवे.

दोराबजी टाटांनी अनवाणी मुलांची ताकद ओळखली आणि त्यांना जगाच्या मैदानावर नेले. त्या मैदानावर बेळगावचा एक धावपटू, शास्त्राचा कोणताही आधार नसताना, शेवटपर्यंत धावला. आज शास्त्र हाताशी आहे. गावागावांतील धावणाऱ्या मुलांच्या ताटापर्यंत ते पोहोचवणे, हेच चौगुले यांचे खरे स्मरण ठरेल.