लाउरी टोर्नी

लाउरी ॲलन टोर्नी (२८ मे, इ.स. १९१९ – १८ ऑक्टोबर, इ.स. १९६५) हे फिनलंडमध्ये जन्मलेले सैनिकी अधिकारी होते. त्यांनी फिनलंड, जर्मनी आणि अमेरिका अशा तीन देशांच्या सैनिकी गणवेशात सेवा केली. अमेरिकेत ते लॅरी थॉर्न या नावाने ओळखले जात.

प्रारंभिक जीवन

टोर्नी यांचा जन्म फिनलंडमधील व्हीपुरी या शहरात झाला. इ.स. १९३८मध्ये ते सैन्यात दाखल झाले. ३० नोव्हेंबर, इ.स. १९३९ रोजी सोव्हिएत संघाने फिनलंडवर आक्रमण केले. या हिवाळी युद्धात टोर्नी लादोगा सरोवराच्या परिसरात लढले व पुढे त्यांना अधिकारीपद मिळाले. मार्च १९४०मध्ये झालेल्या तहानुसार व्हीपुरीसह मोठा भूभाग सोव्हिएत संघाकडे गेला आणि तेथील फिनिश रहिवाशांना घरेदारे सोडावी लागली. टोर्नींचे जन्मगाव अशा रीतीने परक्या देशात गेले. सोव्हिएत संघाविषयीचे त्यांचे वैर अखेरपर्यंत टिकले.

जर्मन सेवा

इ.स. १९४१च्या उन्हाळ्यात जर्मनीच्या वाफेन-एसएस दलात सुमारे १,४०० फिनिश स्वयंसेवक भरती झाले. टोर्नी यांनी त्या वेळी व्हिएन्ना येथे सात आठवडे प्रशिक्षण घेतले. जुलैमध्ये ते मायदेशी परतले. ही स्वयंसेवक पलटण पुढे युक्रेन व कॉकेशस भागांत लढली. इ.स. २०१९मध्ये फिनलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार या पलटणीतील काही जणांनी ज्यू, नागरिक व युद्धकैदी यांच्या हत्यांमध्ये भाग घेतला असण्याची दाट शक्यता आहे. टोर्नी मात्र पलटणीबरोबर आघाडीवर गेले नव्हते.

फिनलंडमध्ये परतल्यावर त्यांनी शत्रूच्या आघाडीमागे घुसून हल्ले करणाऱ्या एका तुकडीचे नेतृत्व केले. पुढे फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष झालेले माउनो कोइविस्तो हे या तुकडीत होते. जुलै १९४४मध्ये टोर्नी यांना मानरहाइम क्रॉस हा फिनलंडचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला.

सप्टेंबर १९४४मध्ये फिनलंडने सोव्हिएत संघाशी शस्त्रसंधी केली. तिच्या अटींनुसार फिनलंडला जर्मन सैन्याविरुद्ध शस्त्र उचलावे लागले. सोव्हिएत संघ फिनलंड व्यापून टाकील, या भीतीने टोर्नी जानेवारी १९४५मध्ये गुप्तपणे जर्मनीस गेले व तेथे त्यांनी घातपाताचे प्रशिक्षण घेतले. युद्ध संपता संपता त्यांनी ब्रिटिश सैन्यापुढे शरणागती पत्करली, परंतु कैदेतून निसटून ते मायदेशी आले.

शिक्षा आणि स्थलांतर

इ.स. १९४६मध्ये त्यांना अटक झाली. स्वतःचा देश जर्मनीशी लढत असताना जर्मनांना सामील होणे हा देशद्रोह ठरून त्यांना सहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. राष्ट्राध्यक्ष पासिकिवी यांनी डिसेंबर १९४८मध्ये त्यांना माफी दिली. त्यानंतर ते स्वीडन व व्हेनेझुएलामार्गे अमेरिकेकडे निघाले. इ.स. १९५०मध्ये अलाबामा राज्यातील मोबील शहराजवळ त्यांनी जहाजातून समुद्रात उडी घेतली व पोहत किनारा गाठला. अमेरिकी काँग्रेसने इ.स. १९५३मध्ये विशेष कायदा करून त्यांना वास्तव्याचा परवाना दिला.

अमेरिकी सैन्य आणि मृत्यू

इ.स. १९५४मध्ये ते अमेरिकी सैन्यात भरती झाले. बर्फावरील युद्ध, गिर्यारोहण आणि छापामार युद्धतंत्र यांतील अनुभवामुळे विशेष दलात त्यांच्याकडे प्रशिक्षकाचे काम आले. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाविरुद्ध लढलेल्या माणसाचा अनुभव अमेरिकेस मोलाचा वाटला. इ.स. १९५७मध्ये त्यांना नागरिकत्व मिळाले आणि ते कॅप्टन पदापर्यंत चढले. नोव्हेंबर १९६३पासून त्यांनी व्हियेतनाममध्ये सेवा केली. दुसऱ्या खेपेस तेथे असताना १८ ऑक्टोबर, इ.स. १९६५ रोजी एका गुप्त मोहिमेत त्यांचे हेलिकॉप्टर डोंगराळ भागात कोसळले. त्यांना मरणोत्तर मेजर पद देण्यात आले.

त्यांचे अवशेष इ.स. १९९९मध्ये सापडले व इ.स. २००३मध्ये त्यांची ओळख पटली. २६ जून, इ.स. २००३ रोजी आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत, त्याच हेलिकॉप्टरमधील व्हियेतनामी सहकाऱ्यांसमवेत, त्यांचे दफन झाले.

मूल्यमापन

फिनलंडमध्ये अनेक जण टोर्नी यांना युद्धवीर मानतात. तथापि ज्या देशाने त्यांना सर्वोच्च शौर्यसन्मान दिला, त्याच देशाच्या न्यायालयाने त्यांना देशद्रोही ठरवले. त्यामुळे त्यांचे शौर्य आणि नाझी जर्मनीशी त्यांनी दोनदा जोडलेला संबंध, या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.