इंटरनेटच्या पत्त्यांची नोंद ठेवणारे पोस्टेल

सोलापूर : वीज जाऊन परत आली की जुळे सोलापूर असो वा साखर पेठ, एखाद्या घरातील राउटरचे सारे दिवे हिरवे होतात; इंटरनेटचा तेवढा लाल राहतो. राउटरच्या पानावर आयपी पत्त्याच्या जागी चार शून्ये दिसतात. यंत्र चालू आहे, तार शाबूत आहे, पण त्याला पत्ता मिळालेला नाही. हे पत्ते शिस्तीत वाटले जावेत म्हणून ज्यांनी उभे आयुष्य वेचले, ते म्हणजे अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जोनाथन ब्रूस पोस्टेल.

६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियात जन्मलेल्या पोस्टेल यांचे शिक्षण लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात झाले. इंटरनेटची पूर्वज असलेली अर्पानेट १९६९ मध्ये तेथूनच सुरू झाली, तेव्हा ते त्या चमूत विद्यार्थी होते. जाळ्याचे नियम ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांकित टिपणांतून ठरत. त्यांचे संपादन पोस्टेल यांच्याकडे आले आणि अखेरपर्यंत राहिले. कोणता क्रमांक कोणत्या कामाला दिला, याची नोंदही तेच ठेवू लागले. लांब दाढी, पायात सँडल आणि सुटीत डोंगरभटकंती, असा हा माणूस अधिकारपदावरचा वाटत नसे.

सप्टेंबर १९८१ मध्ये त्यांनी संपादित केलेला आयपीचा नियम प्रसिद्ध झाला. त्यातील ३२ बिटांच्या पत्त्यामुळे सुमारे ४२९ कोटी पत्ते शक्य झाले. तेव्हा हा आकडा अफाट वाटला. पण ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटून संपले. आज अनेक घरांना सामाईक पत्ता मिळतो. तो १००.६४ ने सुरू झाला, तर तो बिघाड नव्हे.

घरच्या राउटरला आपोआप पत्ता देणारी डीएचसीपी पद्धत मात्र पोस्टेल यांची नव्हे, ती राल्फ ड्रॉम्स यांनी मांडली. राउटर पत्ता मागतो, सेवा देणाऱ्याचा सर्व्हर देऊ करतो, राउटर होकार कळवतो, सर्व्हर शिक्कामोर्तब करतो. या संवादाचे ६७ आणि ६८ हे पोर्ट क्रमांक पोस्टेल यांच्याच नोंदीतले. उत्तर आले नाही, की चार शून्ये. अशा वेळी दोन्ही यंत्रे बंद करून आधी फायबरची पेटी सुरू करावी, तिचे दिवे स्थिरावल्यावर राउटर. राउटर नवा असेल, तर सेवा देणाऱ्याकडे जुन्याच यंत्राचा मॅक क्रमांक नोंदलेला असू शकतो. तो बदलून घ्यावा लागतो. जोडणी पीपीपीओई प्रकारची असेल, तर नाव व पासवर्ड भरल्याशिवाय पत्ता मिळणारच नाही. संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरकडूनच संगणकाला पत्ता आलेला नाही. दोष घरातच शोधावा.

पत्ता मिळूनही संकेतस्थळ उघडत नसेल, तर ‘पिंग’ करून पाहतात. ती ज्या आयसीएमपी नियमावर चालते, तोही पोस्टेल यांनीच १९८१ मध्ये लिहिला. अंकी पत्ता उत्तर देतो, पण नाव देत नाही, तेव्हा दोष नावांच्या व्यवस्थेत असतो. ती व्यवस्था १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी रचली, पोस्टेल यांनीच सोपविलेल्या कामातून. देशांची अक्षरे ठरविताना कोणता प्रदेश देश मानावा, या वादात न पडता पोस्टेल यांनी तयार आंतरराष्ट्रीय यादी स्वीकारली. भारताचे ‘.इन’ त्याच यादीतले.

पण नोंद कोणाची, हा प्रश्न टळला नाही. इंटरनेटमध्ये पैसा आला, तशी या नोंदीवर मालकी सांगणारेही आले. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी मूळ नाव-सर्व्हर चालविणाऱ्या बारांपैकी आठ जणांना, यापुढे आपल्या संगणकाला प्रमाण मानावे, असे ईमेलने कळविले. आठही जणांनी ते ऐकले. त्यांच्या हाती कायद्याचा आधार नव्हता. होता तो केवळ तीस वर्षांचा विश्वास. अमेरिकी सरकार संतापले आणि काही दिवसांतच सारे पूर्ववत करावे लागले. पोस्टेल यांनी हा प्रयोग असल्याचे सांगितले. अनेकांना तो सरकारला दिलेला इशारा वाटला.

त्यानंतर ही जबाबदारी घेण्यासाठी ‘आयकॅन’ ही संस्था सप्टेंबर १९९८ मध्ये स्थापन झाली. तिचे काम रुळण्यापूर्वीच, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे पोस्टेल यांचे निधन झाले. ते ५५ वर्षांचे होते. त्यांचे शाळासोबती व्हिंट सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख त्याच टिपणांच्या मालेत प्रसिद्ध झाला. त्याचा क्रमांक २४६८.