ओढ्यातल्या माशांचे भाष्यकार : डॉ. सुंदरलाल होरा

कला शाखेच्या वार्षिकात मत्स्यशास्त्रज्ञाचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. पण ज्या संशोधकाने अशोकाच्या स्तंभलेखात आणि सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त मासे शोधले, आणि आपल्या बोरघाटाच्या माथ्यावरील एका चिमुकल्या माशाला शास्त्रात स्वतंत्र घर दिले, तो मला कर्जत-खालापूरकरांना परका वाटत नाही.

सुंदरलाल होरा यांचा जन्म २२ मे १८९६ रोजी पंजाबातील हाफिजाबाद येथे झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकून बाहेर पडत असताना, १९१९ साली त्यांची गाठ भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक डॉ. नेल्सन अॅनन्डेल यांच्याशी पडली. अॅनन्डेल यांनी या तरुणाची पारख केली व त्याला कलकत्त्यास बोलावले.

योगायोग असा, की त्याच वर्षी अॅनन्डेल यांनी मुंबई इलाख्यातील लहान ओढ्यांच्या जीवसृष्टीवर निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात खंडाळ्याच्या एका नव्या माशाचे वर्णन केले. १९२१ मध्ये होरांनी हा मासा पुन्हा तपासला. गुरूंनी त्याला ज्या वंशात घातले होते त्यात तो बसत नाही, असे त्यांना आढळले, आणि त्यांनी त्याच्यासाठी ‘पॅराप्सिलोरिंकस’ हा नवा वंश स्थापन केला. ज्यांनी हात धरून आणले त्यांचाच निर्णय पंचवीस वर्षांच्या शिष्याने बदलला! विद्येच्या क्षेत्रात यापरती गुरुदक्षिणा कोणती?

होरांचे खरे वैशिष्ट्य पुढेच आहे. बाटलीतल्या मेलेल्या माशाचे खवले मोजून ते थांबले नाहीत. हा मासा कोणत्या पाण्यात जगतो, असे ते विचारू लागले. आषाढात घाटातून उतरणारा ओढा आपण पाहतोच. माणसाचा पाय ठरत नाही तेथे चार बोटांचा मासा कसा ठरतो? आपल्याकडचा मल्या घ्या. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली त्याचे शास्त्रीय नाव ठेवताना हा मराठी शब्दच उचलला. त्याच्या खालच्या ओठामागे एक चकती असते. तिच्या साह्याने तो दगडाला चिकटून राहतो. धावत्या पाण्यातल्या इतर माशांचीही पोटे सपाट आणि पर आडवे पसरलेले असतात. खासी टेकड्या व हिमालयातील ओढे हिंडून होरांनी या रचनांचा अभ्यास केला. १९३० साली तो लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. प्रवाह समजल्याशिवाय मासा समजत नाही, हे त्याचे सार होय.

सह्याद्रीतील काही मासे आसाम-मलायातील माशांचे जवळचे नातलग दिसतात. मधला एवढा प्रदेश त्यांनी ओलांडला कसा? विंध्य-सातपुड्याच्या रांगेवरून ते पश्चिमेकडे सरकले असावेत, असे होरांनी मांडले. या सातपुडा सिद्धांतावर १९४९ साली विद्वानांचा परिसंवाद प्रसिद्ध झाला. आजच्या जनुकीय अभ्यासांनी त्याला पूर्ण दुजोरा दिलेला नाही. पण प्रश्न नीट विचारण्याचे श्रेय होरांचेच.

१९४२ मध्ये बंगालच्या मत्स्यखात्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. पुढच्याच वर्षी तेथे दुष्काळाने लाखो माणसे मेली. ओढ्यातल्या माशांचा अभ्यासक आता तळ्यातल्या मत्स्योत्पादनाचा विचार करू लागला. १९४७ साली ते प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि त्याच पदावर असताना ८ डिसेंबर १९५५ रोजी निवर्तले. मुंबईच्या खाडीकाठच्या मचूळ पाण्यात डॉ. चं. वि. कुलकर्णी यांना सापडलेल्या एका इवल्याशा माशाला १९४० मध्ये ‘होराइक्थिस सेटनाय’ हे नाव मिळाले होते. होरा आणि मुंबईचे मत्स्यतज्ज्ञ डॉ. सेटना या दोघांचा तो गौरव होता.

होरांचे म्हणणे आपल्या नद्यांना लावून पाहिले की मन अस्वस्थ होते. १९१५ पासून खोपोलीच्या आणि १९२२ पासून भिवपुरीच्या वीजघरातून घाटमाथ्यावरचे पाणी पाताळगंगेत व पेज-उल्हासेत उतरते. नद्यांचा मूळचा ऋतुक्रम तेव्हाच बदलला. पुढे पाताळगंगेकाठी कारखाने आले आणि त्यांचे सांडपाणीही. प्रवाह अडला, गढूळला किंवा विषारी झाला, तर दगडाला धरून राहणाऱ्या माशाला जायला दुसरी जागा नाही. तो बाजारात विकला जात नसल्यामुळे त्याच्या जाण्याची बोंबही होत नाही.

यात कला शाखेनेही करण्यासारखे काम आहे. वलगणीच्या दिवसांत कोणते मासे चढतात, पूर्वी कोणते चढत, हे आपल्या भागातील कातकरी आणि ठाकर वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असते. ती नावे आणि त्या जागा आपण वहीत उतरवून घेऊ शकतो. मल्या हे नाव साइक्स यांना अशाच कोणा मराठी माणसाच्या तोंडून मिळाले असणार. होरांनी जुन्या संस्कृत ग्रंथांतून जे वेचले, ते आपल्याला जिवंत माणसांकडून ऐकता येते. या सुट्टीत एका ओढ्यापासून सुरुवात करू या.