अंगणातील शाळा

कोल्हापूर जिल्ह्यात, सह्याद्रीच्या कुशीत, भोगावती नदीच्या काठी राधानगरी नावाचे गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांनी ते वसविले आणि आपल्या कन्येचे, राधाबाईंचे, नाव त्याला दिले. या मुलखात पाऊस फार. भोवतीच्या दाट रानात गव्यांचे कळप हिंडत असतात.

आषाढातील एखाद्या सकाळी या भागातील अंगणवाडीच्या दारात उभे राहून पाहावे. बाहेर पावसाची झड लागलेली असते. आत चार-चार वर्षांची बालके सतरंजीवर गोल करून बसलेली असतात. मध्ये चित्रांचे एक पुस्तक उघडलेले असते. पुस्तक एक आणि त्यावर वाकलेली डोकी दहा! पानावर गव्याचे चित्र येते आणि मुले हरखून जातात. मागे बसलेल्या एका लहानग्याला चित्र दिसत नाही. ते पुढच्या मुलीच्या ध्यानात येते आणि ती थोडी सरकून त्याला जागा करून देते. मग पान उलटण्याची पाळी कोणाची, यावर क्षणभर कुरबुर होते आणि तीही मिटते. खाऊच्या वेळी दोन मुले मिळून वाट्या मांडतात. कोणाचे आडनाव काय, कोणाचे घर कोणत्या आळीत, याची कोणी विचारपूस करीत नाही.

यात विशेष ते काय, असे आज आपल्याला वाटेल. परंतु एके काळी ही साधी गोष्टही घडत नव्हती. गावोगाव कित्येक मुलांना शाळेत वेगळे बसावे लागे. काहींना तर शाळेची पायरीही चढू देत नसत. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला. पुढे १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी असलेल्या निराळ्या शाळा बंद केल्या आणि सर्व मुलांना एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. ते फार मोठे पाऊल होते. राजाच्या हुकमाने मुले एका शाळेत येऊ शकली. मात्र शेजारी बसणे निराळे आणि मैत्री जडणे निराळे. सात वर्षांचे मूल शाळेत येते, तेव्हा कोणाशी खेळावे व कोणापासून दूर राहावे, हे ते घरच्या मोठ्या माणसांकडून शिकून आलेले असते. मग मैत्रीचा संस्कार त्याच्याही आधी व्हावयास नको काय? अगदी लहान बालकांना एकत्र आणून वाढवावयास नको काय? या कामासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे अनुयायी होते. मुलींनी शिकू नये, असे समाजातील बहुतेक लोक मानीत असत, त्या काळात या घरात मुलीच्या शिक्षणाला आडकाठी झाली नाही. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पदवी घेतलेल्या स्त्रिया तेव्हा अगदी थोड्या होत्या. पुढे विवाह होऊन त्या अमरावतीस गेल्या. परंतु संसारसुख त्यांना फार काळ लाभले नाही. पतीपासून विभक्त होऊन त्यांना आपल्या पायांवर उभे राहावे लागले. त्या खचल्या नाहीत. राजकोट येथे अध्यापिका तयार करणाऱ्या बार्टन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. मानाची जागा, चांगले वेतन आणि सुखाचे दिवस, असे सर्व तेथे होते.

तरीही ताराबाईंचे मन तेथे रमले नाही. काठेवाडातील भावनगर शहरी दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती. तेथे गिजुभाई बधेका नावाच्या शिक्षकाने १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. परंतु स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे, याचा विचार करता करता त्यांनी वकिली सोडली आणि ते बालकांचे शिक्षक झाले. त्यांना मोठ्या मिशा होत्या आणि अंतःकरण आईचे होते. म्हणून लोक त्यांना कौतुकाने मिशावाली आई म्हणत. ताराबाईंना त्यांच्या कामाचे मोल कळले. राजकोटची नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या आणि लहान मुलांच्या घोळक्यात बसून स्वतःच विद्यार्थिनी झाल्या.

इटली देशातील मारिया माँटेसरी या विदुषीने रोम शहरात १९०७ मध्ये गरीब वस्तीतील मुलांसाठी बालगृह काढले होते. तिची शिक्षणपद्धती गिजुभाईंनी अभ्यासिली होती. या पद्धतीत छडी नाही आणि बक्षीसही नाही. तीन वर्षांचे मूल आणि सहा वर्षांचे मूल एकाच दालनात वावरतात. त्यामुळे मोठे मूल धाकट्याला आपण होऊन मदत करते. आणखी एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. या दालनात प्रत्येक साधनाचा एकच संच ठेवतात. लाकडी ठोकळ्यांचा मनोरा एकाच्या हाती असेल, तर दुसऱ्याने त्याचे काम होईपर्यंत थांबावयाचे. साधने विकत घेण्यास पैसा कमी पडतो म्हणून असे करतात, असे नव्हे. मुद्दाम तशी योजना केलेली असते. थांबता थांबता मूल दुसऱ्याचे काम पाहावयास शिकते, त्याचा मान राखावयास शिकते. काम झाले की पहिले मूल ते साधन नीट जागेवर ठेवते, कारण आपल्यामागून कोणीतरी येणार आहे, हे त्याला ठाऊक असते. मैत्रीचे पहिले धडे ते हेच. फळ्यावर मैत्री हा शब्द न लिहिताही ते शिकविले जातात.

भावनगरला ताराबाईंनी सुमारे नऊ वर्षे काम केले. गिजुभाईंबरोबर त्यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली, शिक्षणपत्रिका चालविली आणि मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. पुढे महाराष्ट्रात परत येऊन त्यांनी १९३६ मध्ये मुंबईस दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. तेथे बालके येऊ लागली, त्यांच्या शिक्षिका तयार होऊ लागल्या. ताराबाईंचे नाव दूरवर पसरले. आता त्यांनी स्वस्थ बसावे, असे कोणालाही वाटले असते.

पण त्यांच्या मनाला एक प्रश्न टोचत होता. शिशुविहारात येणारी मुले होती शहरातील बऱ्या स्थितीच्या घरांतील. खेड्यातील मुलांचे काय? ज्यांच्या घरी पोटभर अन्न नाही, त्या मुलांचे काय? साधने महाग, शिक्षिका शहरात. मग ही पद्धती केवळ श्रीमंतांचीच राहावयाची काय? महात्मा गांधींच्या विचारांचा ताराबाईंवर प्रभाव होता. खरा भारत खेड्यात आहे, ही जाणीव त्यांना गप्प बसू देईना. म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून बोर्डी या गावी गेल्या. बोर्डी हे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, समुद्रकाठचे गाव. आज ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ नावाच्या एक तरुण शिक्षिका त्यांना येऊन मिळाल्या. अनुतार्इंना बालपणीच वैधव्य आले होते. दुःख गिळून त्या शिकल्या होत्या आणि शिक्षिका झाल्या होत्या. या गुरुशिष्येची सोबत पुढे आयुष्यभर टिकली.

बोर्डीस पहिली अडचण साधनांची होती. ती ताराबाईंनी निसर्गाकडून भागविली. समुद्राने शंखशिंपले दिले, रानाने बिया, पाने व फुले दिली, वाटेने खडे दिले, कुंभाराच्या मातीने आकार दिले. लहान-मोठे ओळखावयास, मोजावयास, रंग लावून मांडावयास याहून चांगले साहित्य कोणते? आणि ते गोळा करण्यासाठी मुलांनी मिळून हिंडावे लागे, हा आणखी एक लाभ झाला.

दुसरी अडचण मात्र मोठी होती. बालवाडी उघडली, पण जिच्यासाठी उघडली, ती मुले येईनात. आदिवासी पाड्यांवरील मुले आणि अस्पृश्य मानलेल्या घरांतील मुले दूरच राहिली. कोणाला धाकट्या भावंडाला सांभाळावे लागे, कोणाला गुरे वळावी लागत. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दूर लोटले गेले, त्यांच्या मनात शाळेच्या इमारतीविषयी धाक होता. या लोकांना शिक्षणाची गोडी नाही, असे म्हणून एखाद्याने हात झटकले असते. ताराबाईंनी दोष मुलांना दिला नाही. त्यांनी विचार उलटा फिरविला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे!

मग त्या आणि त्यांच्या शिक्षिका पाटी-खडू, गोष्टी, गाणी आणि खेळणी घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरासमोरचे सारवलेले अंगण हाच वर्ग. मुलांचे हातपाय धुवावेत, केस विंचरावेत, गाणे म्हणावे, गोष्ट सांगावी, शिंपल्यांची रांग मांडावी, असा क्रम चाले. आया दाराआडून पाहत. भीती हळूहळू ओसरली. अंगणात भरणारी ही बालवाडी म्हणून तिला अंगणवाडी असे नाव पडले. आज तुमच्या गावात हा शब्द तुम्ही रोज ऐकता. त्याच्या मागे ही कथा आहे.

१९५७ मध्ये हे केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वस्ती मुख्यतः वारली आदिवासींची. धाकट्या भावंडाला काखेत घेऊन फिरणाऱ्या मुलींना शाळेत कसे आणावे, हा प्रश्न तेथेही होता. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि त्या योजनेला विकासवाडी असे नाव दिले. ताई शाळेत बसली की तान्हे बाळ पाळणाघरात आणि मधले भावंड बालवाडीत. गुराखी मुलांसाठी तर शाळा थेट कुरणात भरू लागली. गुरे चरत असत आणि त्यांच्यावर एक डोळा ठेवून मुले झाडाखाली अक्षरे गिरवीत. तिला कुरणशाळा म्हणत.

ताराबाईंच्या या सेवेबद्दल भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेटाने चालविले. १९७५ मध्ये भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्यामार्फत देशभर गावोगाव अंगणवाड्या उघडल्या गेल्या. त्या पाहावयास मात्र ताराबाई नव्हत्या.

मुलांनो, ताराबाईंच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ठळकपणे दिसते. मुलांनी एकमेकांशी प्रेमाने वागावे, असा उपदेश करणारे पुष्कळ असतात. ताराबाईंनी उपदेशापेक्षा व्यवस्था केली. मुलांना जवळ येता यावे, म्हणून त्यांनी त्यांच्यामधील अंतर मोजले आणि ते अंतर स्वतः चालून पार केले. राजकोटहून भावनगर, मुंबईहून बोर्डी, इमारतीतून अंगण आणि अंगणातून कुरण, असा हा प्रवास झाला. त्या दर वेळी मोठ्या जागेवरून लहान जागेकडे गेल्या आणि दर वेळी त्यांना अधिक मुले भेटली.

मैत्री अशीच होते. जो आपल्यापर्यंत येऊ शकत नाही, त्याच्याकडे आपण जावयाचे असते. तुमच्या वर्गातही एखादा मुलगा मागच्या कोपऱ्यात एकटा बसत असेल. एखादी मुलगी मधल्या सुटीत कोणाच्याच घोळक्यात दिसत नसेल. ती आपणहून येईल, अशी वाट पाहू नका. चार पावले तुम्हीच चालून जा. राधानगरीच्या अंगणवाडीतील ती चिमुरडी पुस्तकापुढून जशी सरकली, तसे थोडेसे सरकून तिला जागा करून द्या.