अ‍ॅलन ब्लमलाइन

अ‍ॅलन डॉवर ब्लमलाइन (२९ जून, इ.स. १९०३ - ७ जून, इ.स. १९४२) हे ब्रिटिश विद्युत अभियंते व संशोधक होते. दोन ध्वनिमार्गांवर आवाज मुद्रित करून तो दोन ध्वनिवर्धकांतून ऐकवण्याची, म्हणजेच स्टिरिओ ध्वनीची, पद्धत त्यांनी इ.स. १९३१ मध्ये मांडली. दूरध्वनी, ध्वनिमुद्रण, दूरचित्रवाणी आणि रडार या क्षेत्रांत मिळून त्यांच्या नावावर १२८ पेटंटे आहेत. चित्रपटगृहात किंवा घरातील होम थिएटरमध्ये ध्वनिवर्धक कोठे ठेवावेत, या विचारामागे जी मूलतत्त्वे आहेत, त्यांतील अनेक त्यांच्या कामातून स्पष्ट झाली.

प्रारंभिक जीवन

ब्लमलाइन यांचा जन्म लंडनमधील हॅम्पस्टेड येथे झाला. वडील सेमी ब्लमलाइन हे जन्माने जर्मन होते, तर आई जेसी डॉवर या दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या स्कॉटिश मिशनरी कुटुंबातील होत्या. लहानपणी ते वाचनात मागे होते. गणितात व यंत्रांत मात्र त्यांना विलक्षण गती होती. हायगेट येथील शालेय शिक्षणानंतर लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स महाविद्यालयातून इ.स. १९२३ मध्ये त्यांनी प्रथम वर्गात पदवी मिळवली.

कारकीर्द

इ.स. १९२४ मध्ये ते इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत रुजू झाले. लांब पल्ल्याच्या दूरध्वनी तारांमध्ये एका तारेवरचे संभाषण शेजारच्या तारेवर ऐकू येत असे. हा दोष कमी करण्याचे काम त्यांनी केले. इ.स. १९२९ मध्ये ते कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आले. त्या वेळी तबकड्यांच्या विद्युत मुद्रणासाठी अमेरिकी पेटंटधारकांना स्वामित्वशुल्क द्यावे लागत असे. ब्लमलाइन यांनी वेगळ्या तत्त्वावर चालणारी मुद्रणयंत्रणा तयार करून कंपनीची त्यातून सुटका केली. इ.स. १९३१ मध्ये कोलंबिया व ग्रामोफोन कंपनी यांच्या विलीनीकरणातून ईएमआय स्थापन झाली आणि हेज येथील तिची प्रयोगशाळा ही त्यांची कर्मभूमी ठरली.

स्टिरिओ ध्वनी

त्या काळच्या बोलपटांत सर्व आवाज एकाच ध्वनिमार्गावर मुद्रित होत. १४ मार्च, इ.स. १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झालेला आलम आरा आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने काढलेला अयोध्येचा राजा हेही त्याला अपवाद नव्हते. पात्र पडद्याच्या डाव्या टोकाला गेले तरी त्याचा आवाज मूळ जागीच राही. लंडनमध्ये भावी पत्नी डोरीन लेन यांच्यासह चित्रपट पाहताना ही विसंगती ब्लमलाइन यांना खटकली व त्यावरील उपाय त्यांना सुचला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

१४ डिसेंबर, इ.स. १९३१ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. तो इ.स. १९३३ मध्ये क्रमांक ३९४,३२५ म्हणून मान्य झाला. त्यात ७० दावे होते. आवाजाची दिशा ओळखताना माणसाचे दोन कान दोन प्रकारचे फरक टिपतात. खालच्या स्वरांसाठी ध्वनी दोन्ही कानांशी पोहोचण्याच्या वेळेतील फरक महत्त्वाचा असतो, तर वरच्या स्वरांसाठी दोन कानांना जाणवणाऱ्या तीव्रतेतील. दोन ध्वनिवर्धकांच्या केवळ तीव्रतेत योग्य फरक ठेवला, तरी श्रोत्याच्या कानांशी हे आवश्यक फरक निर्माण होतात, हे ब्लमलाइन यांनी दाखवले. परस्परांशी काटकोनात ठेवलेल्या दोन मायक्रोफोनांची जोडी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन स्वतंत्र ध्वनिमार्ग कोरण्याची रीतही याच पेटंटात होती.

जानेवारी, इ.स. १९३४ मध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत टॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचे अशा पद्धतीने मुद्रण झाले. इ.स. १९३५ मध्ये हेज रेल्वे स्थानकावरील गाड्यांचे व चालत बोलणाऱ्या माणसांचे प्रायोगिक चित्रपट तयार करण्यात आले. कंपनीने मात्र हे तंत्र बाजारात आणले नाही. खाचेच्या दोन भिंतींवर मुद्रित केलेल्या स्टिरिओ तबकड्या विक्रीस आल्या त्या इ.स. १९५८ च्या सुमारास, ब्लमलाइन यांच्या मृत्यूनंतर सुमारे १६ वर्षांनी.

दूरचित्रवाणी व रडार

यानंतर ब्लमलाइन दूरचित्रवाणीकडे वळले. नोव्हेंबर, इ.स. १९३६ मध्ये बीबीसीने अलेक्झांड्रा पॅलेस येथून सुरू केलेल्या सेवेतील ४०५ रेषांच्या यंत्रणेच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी विमानातून जमिनीचे चित्र दाखवणाऱ्या एच२एस रडारवर काम केले. ७ जून, इ.स. १९४२ रोजी या रडारच्या चाचणीसाठी निघालेल्या हॅलिफॅक्स विमानाच्या एका इंजिनाला आग लागली व ते हेरेफर्डशायरमधील वेल्श बिकनॉर येथे कोसळले. विमानातील सर्व ११ जण मरण पावले. त्यांत ब्लमलाइन व त्यांचे ईएमआयमधील दोन सहकारी होते. मृत्यूसमयी ब्लमलाइन ३८ वर्षांचे होते. त्यांच्या मागे पत्नी व दोन मुलगे होते. रडारचे काम गोपनीय असल्याने मृत्यूचे वृत्त युद्धकाळात दडवून ठेवण्यात आले. त्यामुळे त्यांचे नाव दीर्घकाळ सर्वसामान्यांना अपरिचित राहिले.

ध्वनिवर्धकांच्या मांडणीवरील प्रभाव

स्टिरिओसाठी दोन ध्वनिवर्धक व श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा, असा प्रघात आहे. श्रोता मध्यरेषेवरून सरकला की आवाज जवळच्या ध्वनिवर्धकाकडे ओढला जातो. ही उणीव भरून काढण्यासाठी चित्रपटाच्या मांडणीत मधला ध्वनिवर्धक आला व संवाद पडद्याशी बांधले गेले. पुढे सभोवतालच्या आवाजासाठी आणखी दोन ध्वनिवर्धकांची भर पडली. पाच ध्वनिवर्धकांच्या प्रमाणित मांडणीत समोरची जोडी मध्यरेषेपासून ३० अंशांवर, तर सभोवतालची जोडी १०० ते १२० अंशांवर, म्हणजे श्रोत्याच्या बाजूला किंचित मागे असते. घराच्या दिवाणखान्यात सोफा बहुधा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. अशा वेळी ही जोडी बाजूच्या भिंतींवर, कानांपेक्षा थोडी उंच लावणे सोयीचे ठरते. ध्वनिवर्धकांची अंतरे असमान असल्यास जवळच्याचा आवाज विद्युत साधनाने किंचित उशिरा सोडला जातो. आवाज कानांशी कधी व किती तीव्रतेने पोहोचतो, हाच ब्लमलाइन यांच्या अभ्यासाचा विषय या सर्व मांडणीच्या मुळाशी आहे.

सन्मान

लंडनमधील ईलिंग येथील त्यांच्या निवासस्थानी इ.स. १९७७ मध्ये स्मृतिफलक लावण्यात आला. इ.स. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.